आधी काट्यावर, मग शोरूमला

वाचकांचे प्रश्न : नवी पिकअप घेताना

नवी पिकअप घेण्याबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा, असं मागच्या अंकात म्हटलं आणि टपालाचा ढीग आला. दसरा-दिवाळी जवळ आली की आपल्याकडे गाडीचे बेत सुरू होतात. मुहूर्त हे निमित्त. आंब्याचा सीझन धरायचा तर थंडी संपायच्या आत गाडी दारात हवी, हे खरं कारण. जे नवीन वाचक आहेत त्यांच्यासाठी सांगते, मी कणकवलीत हायवेलगत स्पेअर पार्टचं दुकान चालवते. गाड्या विकत नाही आणि कुठल्या शोरूमचं कमिशनही खात नाही. कुठल्या रस्त्यावर कुठली गाडी कशाने दमते, ते मला गिऱ्हाइकाच्या हातातल्या मोडक्या तुकड्यावरून कळतं. अमक्या कंपनीची गाडी वाईट असं मात्र माझ्याकडून वदवून घेऊ नका. सगळ्यांचे पार्ट विकून माझी चूल पेटते.

प्रश्न : देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे. आजवर माल भाड्याच्या टेम्पोने जात होता, आता स्वतःची गाडी घ्यायची म्हणतो. कोल्हापूरला माल आपणच न्यायचा, जमलं तर वाशीलाही. मी म्हणतो छोटा हत्ती पुरे. मुलगा म्हणतो, घ्यायची तर १.७ टनाची पिकअप. तुमचं काय मत? — एक बागायतदार

दादा, बापलेकाच्या वादात मी पडत नाही, काट्याला पाडते. एक पेटी नेहमीसारखी भरा, गवत घाला, खोका बंद करा आणि वजनकाट्यावर ठेवा. पाच डझनी पेटीत सरासरी पाव किलोचं फळ धरलं तर नुसता आंबा १५ किलो भरतो. खोका-गवत धरून पेटी १८ किलोच्या घरात जाते. आता वही काढा आणि एका फेरीला तुमच्या किती पेट्या जातात ते बघा. अक्षय्य तृतीयेच्या आठवड्याचा आकडा नको, साध्या दिवसाचा हवा. ४० पेट्या म्हणजे ७२० किलो; छोटा हत्ती पाऊण टनाच्या आसपासचा, तिथेच तो भरला. ७० पेट्या म्हणजे १,२६० किलो, त्याला १.३ टनाच्या वर्गातली गाडी लागते, टाटाची इंट्रा व्ही ३० किंवा महिंद्राच्या बोलेरो मॅक्समधलं १.३ टनाचं मॉडेल. १.७ टनाची गाडी भरायला ९४ पेट्या हव्यात. तेवढ्या फेरीला निघत असतील तर मुलगा बरोबर आहे. नसतील तर तो हौसेने बोलतोय.

मोठी घेतली तर बिघडलं कुठे, असं तो म्हणेल. बिघडतं ते आंब्याचं. मोठ्या गाडीचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या लोखंडी स्प्रिंगा, मोठ्या वजनासाठी बनवलेले असतात. अर्धवट भरलेली गाडी पाट्यांवर बसतच नाही, खड्ड्याखड्ड्याला उडते, आणि तो दणका पेटीतल्या सगळ्यात खालच्या थराला बसतो. झाडावरून झेल्याने अलगद उतरवलेलं फळ हौद्यात आपटून काळं पडलं, तर दलाल काय बोलतो ते तुम्हाला मी सांगायला नको.

आता घाट. तुम्ही फोंड्याने राधानगरीवरून जा किंवा वैभववाडीवरून गगनबावड्याने, चढ चुकत नाही. इथे ब्रोशरमध्ये हॉर्सपॉवर मोठ्या अक्षरात छापलेली असते, तिच्याकडे दुर्लक्ष करा. त्याखाली टॉर्कची, म्हणजे इंजिनाच्या ओढीची ओळ असते, ती वाचा, आणि तो किती आरपीएमला, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्यांवर मिळतो तेही वाचा. उदाहरण देते. टाटाच्या इंट्रा व्ही ३० आणि व्ही ५० या दोन्हीत दीड लिटरचंच डिझेल इंजिन आहे. पण व्ही ३० ला १४० न्यूटन-मीटर टॉर्क आणि व्ही ५० ला २२०. सपाटीला हा फरक ड्रायव्हरला फारसा जाणवणार नाही. फोंडा घाटात भरल्या गाडीला दुसऱ्या गिअरवर ओढायचं की पहिल्यात कण्हत राहायचं, ते या आकड्यावर ठरतं. आणि जी गाडी सतत पहिल्यात, अर्ध्या क्लचवर चढते, तिची क्लच प्लेट घ्यायला माणूस माझ्याकडे येतोच.

चढण्याइतकाच उतार महत्त्वाचा, तो शोरूममध्ये कुणी काढत नाही. आमच्याकडे एक गिऱ्हाईक येतं, त्याचं वाक्य ऐका : "वैनी, चढताना गाडी रडता, उतरताना मी रडतंय." कोल्हापूरहून रिकामे येऊ नका, भाजी, गूळ काहीतरी मिळतंच. पण मग भरली गाडी उतरवायची आहे हे ध्यानात ठेवा. ज्या गिअरने चढ चढलात त्याच गिअरने उतरा. न्यूट्रल करून डिझेल वाचवणारे शूर लोक ब्रेकचे लायनर आणि ड्रम एकदमच बदलून नेतात, आणि ते नशीबवान म्हणायचे.

कागदाची एक गोष्ट, जी मुलाला नक्की दाखवा. गाडीचं स्वतःचं वजन अधिक माल मिळून एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असेल, तर मोटार वाहन कायद्यानुसार त्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. त्याच्या वर गेलात की परमिट आलं, आणि गोव्याला किंवा बेळगावला जायचं तर त्याची आणखी तजवीज आली. कंपन्यांना हे पक्कं ठाऊक आहे. दीड टनाच्या व्ही ५० चं एकूण वजन २,९४० किलोवर थांबतं, ते उगाच नाही. १.७ टनाच्या गाड्या ही रेषा ओलांडतात. "सीझनला थोडं जास्त टाकू" हा हिशोबही सोडून द्या. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा मालाला २० हजार रुपये दंड आहे, वर प्रत्येक जादा टनाला २ हजार, आणि माल उतरवायचा खर्च तुमचाच. एका दंडात कितीतरी पेट्यांचा नफा गेला.

वाशीचं म्हणाल तर मला ते पटत नाही. ७० पेट्या घेऊन रात्रभर गाडी हाकायची, डिझेल, टोल, ड्रायव्हर, पहाटे बाजारात उभं राहायचं, आणि दुसऱ्या दिवशी बागेत काढणी. वाशीचा माल भाड्याच्या मोठ्या गाडीतच टाका. तुमची गाडी कोल्हापूर, तालुका आणि बाग यांसाठी. आणि मुलाला एकच प्रश्न विचारा : जूनपासून फेब्रुवारीपर्यंत गाडी काय करणार? तो खत, पेंड, सिमेंट, मंडपाचं सामान असं भाडं मारायला तयार असेल तर दीड टनाची घ्या. नुसती दारात उभी राहणार असेल तर १.३ टनावर दोघांनी तह करा.

प्रश्न : मी हर्णै बंदरावर लिलावात मासळी घेते आणि दापोली, खेडच्या बाजारात देते. आधीच्या गाडीचा हौदा गंजून चाळण झाला. नवी घेताना असं काय करू की ही तरी टिकेल? — एक मासळीविक्रेती

बाई, तुमच्या पत्राची मी वाटच बघत होते. किनाऱ्यावरची गाडी इंजिनाने मरत नाही, गंजाने मरते, आणि त्यातही मासळीची गाडी सगळ्यांच्या आधी. कारण बर्फ. बर्फ वितळतो, त्यात मासळीचं खारं पाणी मिसळतं आणि ते दिवसभर पत्र्याच्या सांध्यांत मुरत राहतं.

लोक हौद्याची वरची बाजू बघतात. ती रोज धुतली जाते, तिला फार काही होत नाही. तुम्ही खाली वाका. हौद्याचा पत्रा ज्या आडव्या पट्ट्यांवर बसवलेला असतो, त्या पट्टी आणि पत्रा यांच्या मधली फट बघा. तिथे खवले, वाळू आणि मीठ यांचा लगदा साचून दगडासारखा घट्ट झालेला असतो. पाणी गेलं तरी तो लगदा ओल धरून ठेवतो. गंज तिथून वर येतो, म्हणून वरून पहिलं भोक दिसेपर्यंत खालची पट्टी अर्धी संपलेली असते. तसाच दुसरा कोपरा म्हणजे मागच्या फाळक्याची बिजागरी. पिन गंजून फुगते, फाळका उघडेना झाला की पोरं हातोड्याने ठोकतात, रंग उडतो, आणि मग काय. पिनेला ग्रीस लावायला एक मिनिट लागतं.

नवी गाडी पहिला टब चढायच्या आधी सरळ बॉडीवाल्याकडे न्या. हौद्यात ॲल्युमिनियमचा चेकर्ड पत्रा किंवा फायबरचं अस्तर बसवून घ्या, आणि अस्तराच्या कडा सीलंटने बंद करायला लावा. कडा उघड्या राहिल्या तर अस्तराच्या आत पाणी जाऊन गाडी आतून कुजते आणि तुम्हाला दिसतही नाही, ते अस्तर नसण्यापेक्षा वाईट. हौद्याला मागे किंचित उतार आणि एका कोपऱ्यात निचऱ्याचं भोक हवं. त्या भोकाला पाइप जोडून खाली कॅन लावा. ते पाणी रस्त्यावर गळत गेलं की मागून येणारा दुचाकीवाला घसरतो, आणि नुसतं भोक पाडून सोडलं तर ते खारं पाणी नेमकं मागच्या ॲक्सलवर आणि ब्रेकच्या पाइपवर पडतं.

खालून अंडरकोटिंग करा. ते कोरड्या, नव्या चेसिसवरच धरतं. गंजावर मारलेलं कोटिंग म्हणजे जखमेवर नुसती चिकटपट्टी. दाराच्या आणि चेसिसच्या खालची पाणी जायची भोकं कोटिंगने बुजवून देऊ नका, कारागीर भरात ती बुजवतात. जळकं ऑइल फासायची आपल्याकडे फार आवड आहे. लोखंडाला ते चालेल, पण रबरी बुश आणि ब्रेकचे होस त्याने फुगतात, आणि चाकाच्या आत उडालं तर ब्रेकच लागत नाही.

धुताना गोडं पाणी. खाडीत गाडी उतरवून धुणारे मी पाहिलेत, त्यांना हात जोडते. आणि जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा तुमची गाडी उभी राहणार. उभी करण्याआधी खालून स्वच्छ धुवा, उन्हात वाळवा, आणि हँडब्रेक ओढून ठेवू नका. गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा. दोन महिने ओढलेला हँडब्रेक दमट हवेत लायनरसकट ड्रमला चिकटतो आणि ऑगस्टात गाडी हलत नाही.

बंद पफची, म्हणजे गारवा धरणाऱ्या फोमची बॉडी करायचा विचार असेल तर वजनाचं गणित आधी करा. गाडीचं एकूण वजन कागदावर ठरलेलं असतं. बॉडी जेवढी जड, तेवढा माल कमी. दीड टनाच्या गाडीवर तीनशे किलोचा डबा चढवला की ती बाराशे किलोची गाडी झाली. शिवाय बदललेली बॉडी आरटीओच्या नोंदीत यायला हवी, नाहीतर पासिंगच्या वेळी आणि विम्याच्या वेळी तोंडघशी पडाल.

प्रश्न : काकू, मी २१ वर्षांचा आहे, राजापूरला राहतो. माझ्याकडे कारचं लायसन आहे. पिवळ्या पाटीची पिकअप चालवायला वेगळं लायसन लागतं असं एजंट सांगतो आणि पैसे मागतो. खरं आहे का?

नाही रे बाळा. ६ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने यावर निकाल दिला आहे. एकूण वजन ७,५०० किलोच्या आत असलेली मालवाहू गाडी हलक्या वाहनाच्या लायसनवर चालवता येते, वेगळी नोंद लागत नाही. तू बघतोयस त्या सगळ्या पिकअप या मर्यादेच्या खूप आत आहेत. फक्त धोकादायक माल वाहायचा असेल तर त्याची नोंद वेगळी करावी लागते. एजंटाला चहा पाज आणि वाटेला लाव. त्या पैशांत घाट चालवण्यात मुरलेल्या एखाद्या ड्रायव्हरबरोबर चार फेऱ्या बसून ये, ते लायसनवर छापून मिळत नाही.

प्रश्न : वेंगुर्ल्यात आमचं काजू प्रक्रियेचं छोटं युनिट आहे, जीएसटी नंबर आहे. पिकअपसाठी ८ लाखांचं कर्ज काढायचंय. बँक १२ टक्के सांगते, फायनान्सवाला ७ टक्क्यांत देतो म्हणतो. एवढा फरक कसा?

फरक आहे, पण तुम्हाला वाटतो त्याच्या उलट. फायनान्सवाल्याचे ७ टक्के फ्लॅट आहेत का, एवढं विचारा. फ्लॅट म्हणजे तुम्ही अर्धं कर्ज फेडलंत तरी व्याज पूर्ण ८ लाखांवरच चालू. चार वर्षांचं व्याज २ लाख २४ हजार, हप्ता २१,३३३ रुपये. बँकेचे १२ टक्के उरलेल्या रकमेवर. त्याच चार वर्षांसाठी हप्ता येतो २१,०६७. म्हणजे १२ टक्केवाला ७ टक्केवाल्यापेक्षा महिन्याला २६६ रुपयांनी, एकूण पावणेतेरा हजारांनी स्वस्त. टक्के विचारूच नका, हप्ता आणि महिने विचारा, गुणाकार घरी करा. त्यात फाइल चार्ज, माथी मारलेला विमा आणि कर्ज लवकर फेडलं तर लागणारा दंड हे तिन्ही लेखी घ्या.

तुमचा काजूचा सीझन उन्हाळ्यातला. हप्ता वर्षभर सारखा ठेवायचा की कच्चा माल भरायच्या महिन्यांत हलका, हे सही करण्याआधी बोलून घ्या. सहीनंतर कुणी ऐकत नाही.

तुमच्यासाठी चांगली बातमी अशी की २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे, आणि गाडी धंद्यासाठी असेल तर त्या कराचं क्रेडिट तुम्हाला मिळतं, म्हणजे तुम्ही भरायच्या जीएसटीतून तो वळता होतो. मात्र क्रेडिट घेतलंत तर त्या कराच्या रकमेवर घसारा धरता येत नाही. बिल युनिटच्या नावाने आणि जीएसटी नंबर टाकूनच घ्या. नवऱ्याच्या नावाने गाडी आणि बायकोच्या नावाने युनिट असली गंमत करू नका, सीए वैतागतात. देवगडच्या दादांना हे क्रेडिट नाही. त्यांचा ताजा आंबा करमुक्त, म्हणून क्रेडिट वळतं करायला जागाच नाही.

प्रश्न : चिपळूणमध्ये २०१९ ची पिकअप बऱ्याच कमी भावात मिळतेय. नवीन घेण्यापेक्षा ती घ्यावी का?

२०१९ ची म्हणजे धुराच्या प्रदूषणाच्या जुन्या नियमातली, बीएस ४. १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ आलं. जुन्या गाड्यांत सेन्सरची कटकट कमी, गावातला मिस्त्रीही त्या उघडतो, म्हणून त्यांना अजून मागणी आहे. म्हणूनच चिपळूणमध्ये ती गाडी "बऱ्याच कमी भावात" का, असा प्रश्न मला पडतो. चिपळूणला महापूर आला त्या २२ जुलै २०२१ ला ती गाडी कुठे उभी होती?

वाशिष्ठीचं पाणी ज्या गाडीत शिरलं ती वरून चकचकीत करता येते. आतून नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, गुंडाळीच्या आतल्या भागावर मातकट पट्टा असतो. डॅशबोर्डखाली हात घालून वायरिंगचा एखादा जोड काढा, पिना हिरव्या झाल्यात का बघा. हेडलाइटच्या काचेत आतून चिखलाची रेघ राहते. सीटखालच्या स्प्रिंगला गंज आणि वरच्या कव्हरला नवेपणा, हे दोन्ही एकत्र दिसलं तर उठून या. विम्याचा क्लेम झालाय का ते पॉलिसी नंबरवरून विचारून घ्या.

गाडी कोरडी निघाली तर कर्जाची नोंद उतरलीय का बघा. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस घ्यावा लागतो. ही गाडी २०२७ मध्ये त्या दरवर्षीच्या रांगेत जाईल, भाव करताना हे बोला.

प्रश्न : रत्नागिरी शहरात माझी बेकरी आहे. पाव, खारी, टोस्ट दुकानांना पोचवायला डिझेल, सीएनजी की इलेक्ट्रिक?

डिझेल नको, एवढं मी ठाम सांगते. बीएस ६ डिझेलच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी जाळी असते, तिला डीपीएफ म्हणतात. गाडी बराच वेळ चांगली तापून चालली की अडकलेली काजळी जळून जाते. तुमची गाडी मारुती मंदिर ते गाडीतळ, दर पाच मिनिटांनी बंद. ती तापणार कधी? जाळी तुंबते, डॅशबोर्डवर दिवा लागतो, आणि तुम्ही म्हणता नवी गाडी खराब निघाली. गाडी बरोबर असते, काम चुकीचं असतं.

पावाला वजन नाही, जागा लागते. म्हणून लहान पेट्रोल किंवा सीएनजी गाडी तुम्हाला शोभते. सीएनजीत टाकीचं वजन मालातून वजा होतं. मारुती सुपर कॅरीचं पेट्रोल मॉडेल ७४० किलो घेतं, सीएनजीचं ६२५. तुम्हाला त्याने फरक पडत नाही, चिरे वाहणाऱ्याला पडेल. टाकीची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची तपासणी करावी लागते, ती तारीख भिंतीवर लिहून ठेवा. पंपावर रांग किती असते ते तुमच्या पहाटेच्या वेळेला स्वतः जाऊन बघा.

इलेक्ट्रिकमध्ये टाटाची एस ईव्ही २०२२ मध्ये आली, आता आणखीही पर्याय आहेत. रोज ठरलेला, छोटा, शहरातला फेरा असेल तर हा धंदा इलेक्ट्रिकसाठीच आहे. बेकरीत तीन फेज वीज असेलच. मला काळजी आहे ती जून-जुलैतल्या विजेची. झाड पडलं, तार तुटली की तुमची गाडी आणि भट्टीतलं मिक्सर दोन्ही एकदम बसणार. जनरेटर असेल तर बिनधास्त घ्या.

प्रश्न : तारकर्लीला आमचा होम-स्टे आहे. पांढऱ्या पाटीची डबल कॅब पिकअप, इसुझू व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्स, घ्यायची इच्छा आहे. सामानही येईल आणि पाहुण्यांनाही आवडेल.

पाहुण्यांना आवडेल यात शंका नाही. दोन्ही गाड्या सव्वापाच मीटरपेक्षा लांब आहेत. तुमच्या वाडीत शिरतानाचे दोन दगडी गडगे आणि त्यामधलं वळण टेप घेऊन मोजा, मग बोलू. आणि गॅसच्या टाक्या, गाद्या, भाजी यांसाठीच हवी असेल तर या पैशांत साधी पिकअप येते, शिवाय पाहुण्यांना आणायला कारही येते. हौस असेल तर हौस म्हणा, मी अडवणार नाही. धंद्याचं नाव तिला देऊ नका.

प्रश्न : गणपतीत मुंबईहून येणाऱ्या घरच्यांना स्टेशनवरून आणायला पिकअप वापरली तर चालते ना? सगळेच आणतात.

सगळेच आणतात आणि सगळेच चुकतात. मालवाहू गाडीच्या विम्यात ड्रायव्हर आणि केबिनमध्ये बसलेला मालाचा मालक किंवा त्याचा माणूस यांची सोय असते. हौद्यात बसलेल्या पाहुण्याची नसते. काही झालं तर कंपनी हात वर करते आणि भरपाई तुमच्या घरादारावर येते. भजनी मंडळ, क्रिकेटची टीम, लग्नाचं वऱ्हाड, सगळ्यांना हेच. हमाल रोज बरोबर असतील तर त्यांच्यासाठी जादा प्रीमियम भरून पॉलिसीत तशी नोंद करून घ्या. पाहुण्यांच्या बॅगा हौद्यात टाका आणि पाहुण्यांना रिक्षाने आणा.

प्रश्न : गाडी बुक केली आहे, पुढच्या आठवड्यात ताब्यात मिळेल. शोरूममधून निघण्याआधी काय बघू? — कुडाळहून एक वाचक

फॉर्म २१ म्हणजे विक्रीचा दाखला, त्यावर गाडी कुठल्या महिन्यात, कुठल्या वर्षी बनली ते लिहिलेलं असतं. ते वाचा. वर्ष उलटून गेलेली गाडी देत असतील तर भाव कमी करायला सांगा, उद्या विकताना तुमचाही कमी होणार आहे. त्याच कागदावरचं एकूण वजन आणि तुम्हाला तोंडी सांगितलेला माल जुळतो का बघा. चेसिस नंबर कागदावरचा आणि गाडीवर ठोकलेला, दोन्ही मोठ्याने वाचून पडताळा.

पूजा, हार, नारळ, फोटो नंतर. आधी अर्धा तास गाडीखाली बघायला मागा. आवारात उघड्यावर एक पावसाळा काढलेल्या गाडीच्या पाट्यांच्या यू-बोल्टवर आणि सायलेन्सरच्या सांध्यांवर गंज दिसतो. फाळके तिन्ही बाजूंचे उघडून बंद करा, कड्या एका हाताने बसायला हव्यात. टायर चारही एकाच कंपनीचे आणि एकाच काळात बनलेले आहेत का, ते टायरच्या बाजूवरच्या चार आकड्यांवरून कळतं. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष.

रिकामी पिकअप पावसात मागून सटकते, मागच्या चाकांवर वजनच नसतं. शोरूममधून घरी येताना जांभ्याच्या ओल्या रस्त्यावर पोराला ॲक्सिलेटर दाबू देऊ नका, हौद्यात वाळूच्या दोन गोणी टाका.

आणि स्टेपनी, जॅक, पाना. स्टेपनी हौद्याखाली टांगलेली असते, बघायला जमिनीवर टेकावं लागतं, नवे कपडे खराब होतात म्हणून कुणी बघत नाही. तुम्ही टेका, आणि ती खाली उतरवून परत चढवून दाखवायला सांगा.